लोखंडी दरवाजाचा रंग: खाऱ्या हवेत कोणता निवडायचा, कसा टिकवायचा आणि कोटेशन कसं लिहायचं



फॅब्रिकेशनचं छोटं युनिट टाकणारे, पेंटिंगची कंत्राटं घेणारे किंवा हार्डवेअरचं दुकान सुरू करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, लोखंडी दरवाजाला सगळ्यात चांगला रंग कोणता?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. दरवाजा कुठे बसणार आहे आणि रंग मारण्याआधी त्याच्यावर काय काम झालंय, हे कळल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. आणि हे न विचारता ऑर्डर घेतली तर काय होतं, ते मी स्वतःच्या खिशातून शिकले आहे.

धंद्याच्या सुरुवातीच्या काळात मांडवीकडच्या एका घराचा मुख्य दरवाजा मी करून दिला होता. काळा चकचकीत इनॅमल, मधे सोनेरी बुट्टे. मे महिन्यात बसवला, घरमालक खूश. गणपतीला मुंबईची मंडळी गावी आली तेव्हा दरवाजाच्या खालच्या वीतभर भागात फुगवटे आले होते. बोट लावलं की पापुद्रा सुटायचा आणि आतून तांबडं पाणी यायचं. फिनिशिंगचे मी २,८०० रुपये घेतले होते. तो दरवाजा उतरवून, घासून, पुन्हा रंगवून बसवायला वाहतुकीसह ४,१०० रुपये गेले. तेही लगेच करता आलं नाही, कारण पाऊस चालू होता. दसऱ्यापर्यंत तो सोललेला दरवाजा येणारा-जाणारा प्रत्येक जण बघत होता. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

रंगाचा डबा चांगल्या कंपनीचाच होता. चूक डब्याच्या आधी झाली होती. उघडा दरवाजा आठ दिवस खाऱ्या वाऱ्यात पडून होता आणि आम्ही तो न धुता, नुसता पॉलिश पेपर मारून त्यावर प्रायमर चढवला. मीठ रंगाखाली कोंडलं गेलं. आजचा सगळा विषय या एका वाक्याभोवती आहे.

गंज चढतो कसा?

लोखंडाला गंजायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. मीठ हा वेग वाढवतं, आणि दोन प्रकारे वाढवतं. एक म्हणजे खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया मुळात विद्युत-रासायनिक आहे. दुसरं, मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पाऊस नसतानाही मीठ बसलेला पत्रा ओलसर राहतो. पावसाळ्यात आपल्या डब्यातलं मीठ कसं पाझरतं ते आठवा, दरवाजावर तेच होतं.

रंगाची फिल्म काचेसारखी बंद नसते. तिच्यातून थोडी थोडी ओल आत जाते. खाली मीठ असेल तर ते पाणी खेचत राहतं आणि रंग फुगतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून फुगवटा वाढत जाऊन शेवटी पापुद्रा सुटतो.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बाजूला समुद्र आणि उरलेले महिने दमट हवा. गंजरोधक रंगकामाचं आयएसओ १२९४४ नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणक आहे. त्यात हवामानाचे सी-१ ते सी-५ आणि त्यापुढे सीएक्स असे वर्ग पाडले आहेत. घरातली कोरडी खोली सी-१ मध्ये आणि भरपूर खारी हवा असलेला किनारा सी-५ मध्ये. म्हणजे पुण्यात चाललेला रंगाचा हिशेब मिऱ्याच्या किनाऱ्यावर चालणार नाही, हे तिथेच लिहिलेलं आहे.

अजून एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना उलटी वाटते. पडवीत, छपराखाली असलेला दरवाजा कधीकधी उघड्यावरच्या फाटकापेक्षा लवकर गंजतो. कारण उघड्यावरचं मीठ पावसाने धुतलं जातं, छपराखालचं तसंच साचत राहतं. "आमचा दरवाजा आत आहे, त्याला काय होतंय" असं गिऱ्हाईक म्हणालं तर हे समजावून सांगा.

आधी तयारी, मग रंग

चांगलं काम बहुतेक इथेच ठरतं. क्रम पाठ करून ठेवा.

१. तेल काढा. नव्या पत्र्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो. थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा. फडकं बदलत राहा, नाहीतर तेल नुसतं पसरतं.

२. गोड्या पाण्याने धुवा, मग घासा. न धुता घासलं तर मीठ पत्र्याच्या ओरखड्यांत दाबलं जातं. धुवून, पूर्ण वाळवून मगच पेपर किंवा वायर ब्रश घ्या.

३. खपली आणि वेल्डिंगचा कचरा काढा. नव्या अँगल-पट्टीवर निळसर काळी खपली असते. ती भक्कम वाटते, पण पुढे तडकते आणि रंग घेऊन निघते. वेल्डिंगचे दाणे आणि त्यावरची काळी राख ग्राइंडरने साफ करा.

४. कडा गोल करा. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो, तिथे फिल्म पातळ राहते आणि गंज पहिला तिथेच दिसतो. पहिल्या प्रायमरनंतर कडा, कोपरे आणि वेल्डिंगच्या रेषांवर ब्रशने एक जादा हात मारा.

५. पोकळ पाइप विसरू नका. सेक्शन पाइपची वरची तोंडं बंद करा आणि खाली पाणी निघायला छोटी भोकं ठेवा. आत पाणी साचलं तर दरवाजा आतून खातो, बाहेरचा रंग कितीही महाग असला तरी.

६. त्याच दिवशी प्रायमर. घासून चमकवलेलं लोखंड आपल्या हवेत रात्रभर ठेवलं की सकाळी तांबूस दिसतं. जेवढं आज प्रायमरखाली जाईल तेवढंच आज घासा.

वेळेचंही भान ठेवा. पत्रा दवबिंदूच्या तापमानापेक्षा निदान तीन अंशांनी गरम हवा आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी, असा या कामातला सर्वसाधारण नियम आहे. यंत्र नसेल तर सोपा मार्ग: दव पूर्ण वाळल्यावर, साधारण दहाच्या पुढे सुरू करा आणि उन्हं उतरायच्या आत थांबा. थंडीत सकाळी पत्र्यावर हात फिरवा, ओल लागली तर थांबा.

कोणत्या ठिकाणी कोणती पद्धत?

समुद्राच्या समोर (मांडवी, मिऱ्या, भाट्ये, काळबादेवी): इथे दोन भागांत येणारा इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर दोन हात आणि वर पी.यू. म्हणजे पॉलीयुरेथेनचे दोन हात. नुसता इपॉक्सी वर ठेवू नका. तो पकड चांगली धरतो, पण उन्हाने पांढरट भुकटी सुटते. ऊन झेलायला पी.यू. लागतो. हार्डनर मिसळल्यावर माल ठराविक वेळातच वापरावा लागतो, म्हणून लागेल तेवढाच मिसळा. स्प्रे करणार असाल तर साधा रुमाल चालणार नाही, योग्य मास्क हवाच. पी.यू.च्या हार्डनरची वाफ फुफ्फुसाला घातक आहे.

शहराच्या आतल्या भागात (मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे): झिंक फॉस्फेट प्रायमर दोन हात आणि सिंथेटिक इनॅमल दोन हात. नीट तयारी केली तर साध्या घराला हे पुरतं. हातावर खर्च कमी आणि टच-अप कोणीही करू शकतं.

आत घाटाकडे (लांजा, देवरुख, साखरपा): मीठ कमी, पाऊस आणि शेवाळ जास्त. वरचीच इनॅमलची पद्धत चालते, पण दरवाजाचा तळ आणि पागोळ्यांचे शिंतोडे उडतात ती बाजू यांना जादा हात द्या.

रेड ऑक्साईडबद्दल एक सांगते. तो वाईट नाही, पण तो शेवटचा रंग नव्हे. "सध्या रेड ऑक्साईड मारून ठेवतो, पावसाळ्यानंतर रंग देऊ" हे वाक्य आपल्याकडे दर मे महिन्यात ऐकू येतं. त्या थरातून पाणी आत जातं. ऑक्टोबरमध्ये त्यावर रंग दिलात तर गंजावरच रंग दिलात.

जी.आय. पत्रा किंवा पाइप: यावर साधा इनॅमल थेट मारू नका. तेलाधारित इनॅमल आणि जस्त यांची रासायनिक क्रिया होऊन मधे साबणासारखा थर बनतो आणि रंग सालीसारखा निघतो. आधी जी.आय.साठीचा एच प्रायमर, मग पुढचं काम.

पावडर कोटिंग: दिसायला एकसारखं आणि टणक. भुकटी साधारण १८० ते २०० अंशांवर भट्टीत भाजून पक्की होते, म्हणून साइटवर दुरुस्ती त्याच पद्धतीने होत नाही. बसवताना वेल्डिंग केलं, भोक पाडलं की ती जागा उघडी पडते आणि गंज कोटिंगखालून सरकतो. म्हणून कडी, कोयंडा, कुलूप यांची सगळी भोकं कोटिंगच्या आधीच पाडून घ्या. कोटिंग करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "भाजण्याआधी पत्रा धुऊन रासायनिक प्रक्रिया करता का?" उत्तर गोलमोल आलं तर पुढे जाऊ नका.

रंगाची छटा गिऱ्हाईक ठरवेल, पण सल्ला तुम्ही द्या. चकचकीत पृष्ठभागावरून धूळ आणि मीठ सहज धुतलं जातं, मॅट फिनिश धरून ठेवतं. पश्चिमेच्या उन्हातला गडद काळा दरवाजा जास्त तापतो. फिक्या रंगावर गंजाचा डाग लवकर दिसतो. लोकांना तो तोटा वाटतो, पण लवकर दिसला तर दोनशे रुपयांत मिटतो.

जुना दरवाजा आला तर

थिनरचं फडकं जुन्या रंगावर दोन मिनिटं दाबून ठेवा. रंग मऊ पडला तर त्यावर इपॉक्सी किंवा पी.यू. चढवू नका, खालचा रंग सुरकुतून वर येईल. एकतर सगळा रंग काढा, नाहीतर इनॅमलवर इनॅमलच द्या.

आणि एक आरोग्याची गोष्ट. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. जुना रंग कोरडा घासू नका, पाणी लावून घासा. मास्क घाला, लहान मुलांना लांब ठेवा आणि पडलेला चुरा गोळा करा. फक्त घासलेला भाग लगेच पुसून, वाळवून प्रायमरखाली घ्या.

देखभालीचं वर्ष

पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ साली उभा राहिला, तोही लोखंडीच. साधारण दर सात वर्षांनी त्याला नवा रंग देतात, सुमारे ६० टन, आणि ब्रशने हाताने. एवढं जुनं लोखंड अजून उभं आहे ते ठरलेल्या वेळी होणाऱ्या देखभालीवर. आपल्या दरवाजाला टनांची गरज नाही, वर्षातून दोन फेऱ्या पुरतात.

*आगोटीच्या वेळी (मे):* दरवाजा गोड्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. खालची कड, बिजागऱ्या, कुलपाभोवतीची जागा तपासा. पाणी निघायची भोकं मोकळी करा. बिजागऱ्यांना तेल द्या. ओरखडे पावसाआधी बुजवा.

*पावसाळ्यात:* रंगकाम बंद. फक्त पुसत राहा.

*दसरा-दिवाळीच्या सुमारास:* पुन्हा धुणं आणि सगळी तपासणी. जो डाग दिसेल तो चमकेपर्यंत घासा, भोवतालच्या चांगल्या रंगाची कड पेपरने उतरती करा, धुवा, वाळवा, प्रायमरचे दोन हात आणि वर रंग.

समुद्रासमोर राहणाऱ्यांनी मधल्या काळातही महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने दरवाजा पुसावा. आणि लादी साफ करायचं ॲसिड दरवाजाजवळ वापरू नका. नव्या घराची लादी ॲसिडने धुतली आणि नवा दरवाजा खालून गेला, असं मी बघितलंय. गिऱ्हाईकाला हे पहिल्याच दिवशी सांगा.

आता धंद्याचा हिशेब

सात फूट बाय साडेतीन फुटांचा दरवाजा धरा. एक बाजू साडेचोवीस चौरस फूट, दोन्ही बाजू ४९, चौकट आणि कडा धरून अंदाजे ६०. म्हणजे साडेपाच चौरस मीटरच्या थोडं वर. एक लिटर प्रायमर एका हाताला कागदावर ८ ते १० चौरस मीटर जातो. दोन हातांना, सांडलवंड धरून, सव्वा ते दीड लिटर लागतो. कारागीर म्हणाला "अर्ध्या लिटरमध्ये दोन हात झाले", तर समजा की थिनर जास्त पडलाय आणि फिल्म पातळ झालीय.

आता दोन कोटेशनं बघू. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही आपल्या गावचे दर घाला.

पहिलं कोटेशन: पेपर, एक हात रेड ऑक्साईड, दोन हात इनॅमल, ३,००० रुपये. किनाऱ्याजवळ माझ्या अनुभवात हे दोन वर्षं धड दिसतं. सहा वर्षांत तीन वेळा काम, एकूण ९,००० रुपये.

दुसरं कोटेशन: धुणं, ग्राइंडिंग, प्रायमर दोन हात, कडांना जादा हात, इनॅमल दोन हात, ५,४०० रुपये. त्यावर चार वर्षी ५०० रुपयांची धुणं आणि टच-अपची फेरी, म्हणजे २,००० रुपये. चौथ्या वर्षी फेरीऐवजी वरच्या रंगाचे नवे हात, १,६०० रुपये. एकूण ९,००० रुपये.

दोन्हीकडे नऊच हजार! म्हणून गिऱ्हाईकाला "आमचं स्वस्त पडेल" असं खोटं सांगू नका. खरं सांगा: पैसे तेवढेच जातील, पण पहिल्या पद्धतीत सहा वर्षांनी खालची पट्टी खाल्लेला दरवाजा हातात राहील आणि दुसऱ्या पद्धतीत दरवाजा शाबूत राहील. हे वाक्य मी दुकानात कितीदा बोलले असेन, आणि ऐकणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या कोटेशनवर बोट ठेवतो.

तुमच्या बाजूनेही बघा. पहिल्या पद्धतीत गिऱ्हाईक दर दोन वर्षांनी नवा पेंटर शोधतं. दुसऱ्या पद्धतीत ते दर वर्षी तुम्हालाच फोन करतं. असे ६० दरवाजे तुमच्या वहीत असतील तर ५०० रुपयांप्रमाणे वर्षाला ३०,००० रुपयांचं काम नवीन जाहिरातीशिवाय येतं. शिवाय फेरीला गेलात की शेजारची ग्रील दिसते, मागचं फाटक दिसतं.

कोटेशनमध्ये या पाच ओळी हव्यातच

१. तयारी काय करणार: तेल काढणं, धुणं, ग्राइंडिंग.
२. प्रायमर कोणता आणि किती हात.
३. वरचा रंग कोणता आणि किती हात, कडांना जादा हात आहे की नाही.
४. हमी कशाची आणि कशाची नाही. मी एका पावसाळ्याची हमी देते. ॲसिड, ओरखडे आणि बसवल्यानंतर दुसऱ्याने केलेलं वेल्डिंग त्यात धरत नाही.
५. पहिल्या देखभाल फेरीची तारीख.

आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून गिऱ्हाईकाच्या व्हॉट्सॲपवर टाका: धुतलेला दरवाजा, चमकलेलं लोखंड, पहिला प्रायमर, दुसरा प्रायमर. रंग चढल्यावर आतलं काम दिसत नाही. ज्याचे पैसे घेताय ते दाखवायची हीच वेळ असते. समोरचा स्वस्त कोटेशनवाला हे फोटो देऊ शकत नाही.

मांडवीचा तो दरवाजा दुसऱ्यांदा बसवताना मी घरमालकांना काय चुकलं ते सरळ सांगितलं आणि पुढच्या मे महिन्यात न बोलावता बघायला गेले. काकांनी दार उघडलं, खाली वाकून तळ बघितला आणि म्हणाले, "आता बरा आहे हो." त्याच दिवशी त्यांनी गच्चीच्या जिन्याच्या रेलिंगचं काम दिलं. माझ्या वहीतली देखभाल फेरीची पहिली नोंद तीच.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या गल्लीतले दहा लोखंडी दरवाजे बघा. प्रत्येकाचा गंज कुठून सुरू झालाय ते वहीत लिहा: तळ, कड, वेल्डिंग, बिजागरी की कुलपाचं भोक. दहा नोंदी झाल्या की तुमच्या गावात कोणत्या कामाला मागणी आहे ते आपोआप समोर येईल. मग एका दरवाजाचं पाच ओळींचं कोटेशन लिहून बघा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काम नीट करा आणि हिशेब लिहून ठेवा!